बाकावरची टकटक

मी बाक बोलतोय. पळसदरीच्या रस्त्याला जे कौलारू चर्च आहे ना, त्यातला दाराजवळचा, शेवटचा. चर्चचा बाक म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, हा आता डोळे मिटून गोड गोड बोलणार. तसलं काही माझ्याकडून होणार नाही. देवानं मला माणसाचं तोंड दाखवलं नाही. माझ्या वाट्याला माणसाचं ढुंगण आलं.

आणि बरंच झालं. तोंड खोटं बोलतं. ‘काय सुंदर उपदेश झाला, पाळकसाहेब!’ असं तोंड दारात हात जोडून म्हणतं. त्याच माणसाचं ढुंगण मघाशी पोत्यासारखं पडून होतं, ते मला ठाऊक. झोपलेला माणूस जड लागतो. कंटाळलेला पुढे घसरतो. आणि ज्याच्या डोक्यात काहीतरी शिरलंय तो कधी या कुल्ल्यावर, कधी त्या कुल्ल्यावर. विचार करणारा माणूस नीट बसतच नाही. तेव्हा उपदेश कसा झाला हे कुणाला खरंखरं जाणून घ्यायचं असेल, तर त्यानं मला विचारावं. आजवर कुणी विचारलं नाही, म्हणून आपणच सांगायला बसलोय.

मी शिवणीच्या लाकडाचा. कोंडाण्याच्या लेण्यांच्या अंगाला एक झाड वादळात आडवं झालं, ते शिळफाट्याला इद्रिस मिस्त्रीच्या दुकानात आलं. इद्रिस तेव्हा जवान होता, नुकताच बापाच्या हाताखालून सुटलेला. चर्चचे तेव्हाचे पाळक म्हणजे साळवीसाहेब, बुटके, टकले, तोंडात सुपारी. ते मला बघायला आले आणि म्हणाले, “मिस्त्री, पाठ एकदम सरळ ठेव. लोकांना झोप लागता कामा नये.”

इद्रिसनं रंधा थांबवला. “पाळकसाहेब, झोप पाठीमुळं नाय लागत. बोलणाऱ्यामुळं लागते.”

साळवीसाहेब एवढे हसले की सुपारी घशात गेली. ठसका थांबल्यावर म्हणाले, “मग जरा कलती ठेव. दोष कुणाचा ते तरी कळेल.”

म्हणून माझी पाठ कलती आहे. टेकायला सुख आहे. फुशारकी नाही मारत, खरं ते सांगतो.

आमची मंडळी साधी. भात करणारी, भाजी विकणारी, खोपोलीत कारखान्यात जाणारी. आणि सगळ्यांना एक खोड होती. पाळक वरून काहीही बोलू दे, वाक्य संपलं की खालून ‘आमेन!’ ऐकलं का, कळलं का, त्याच्याशी संबंध नाही. वरून काही पडलं की खालून आमेन. साळवीसाहेबांना हे खुपायला लागलं. एका रविवारी ते गंभीर आवाजात बोलत होते, आणि त्याच आवाजात म्हणाले, “बंधूंनो, धन्य ती म्हैस, जी अंडी घालते आणि न कुरकुरता त्यांवर बसते.”

“आमेन!” सगळे म्हणाले. सगळ्यात मोठ्यानं सदू. हा सदू माझ्या मधोमध बसतो, तेव्हाही, आजही.

एकच बाई हसली. सदूची भावजय, चंद्राबाई. नवी नवरी होती, पदर तोंडात कोंबून हसत होती, आणि मी तिच्याबरोबर हलत होतो.

साळवीसाहेबांनी पुस्तक मिटलं. “हसतेस का गं?”

“म्हैस अंडी घालत नाय, पाळकसाहेब.”

“मग बोलली का नाहीस?”

“देवाच्या घरात कसं बोलायचं?”

“बोलू नको. बाकावर टकटक कर. कळलं नाय, टकटक. पटलं नाय, टकटक. मी थांबेन.”

तेव्हापासून आमच्या चर्चला हा रिवाज लागला. बोटाची मागची हाडं माझ्यावर वाजायची आणि वरचा आवाज थांबायचा. टकटक करणारा बरोबरच असायचा असं नाही हां. चंद्राबाई तर दहादा चुकायची. शेजाऱ्यावर प्रेम करा म्हटलं की हिची टकटक. “शेजाऱ्याची शेळी माजी मिरची खाते, तरी करायचं?” “तरी.” “मग शेळीवर पन का?” “शेळीला काठी दाखव, बाई, शेजाऱ्याला चहा दे.” सगळं चर्च खो खो. पण तो उपदेश लोकांनी घरापर्यंत नेला. वाटेत भांडले, ओट्यावर भांडले, मिरचीवालीनं शेवटी शेळीवाल्याला चहा पाजला, तो सुद्धा बिनसाखरेचा. माझी सगळ्यात सुखाची वर्षं ती. चंद्राबाई बसते त्या माझ्या उजव्या टोकाला पॉलिश असं राहिलंच नाही. आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही.

साळवीसाहेब गेले. मग एक पुटपुटे पाळक आले. ते कागदात बघून कागदालाच सांगायचे. त्यांच्या काळात माझ्यावर लाळ सांडली, दुसरं काही घडलं नाही. झोपलेला माणूस टकटक कशाला करेल?

आणि मग आले कदमपाळक.

आता या माणसाचं काय सांगू! उंच, गोरा, आवाज असा की कौलं ऐकत राहावीत. देशावरचे, भाषा एकदम शुद्ध. कागद नाही, अडखळणं नाही. दिवा, वादळ, नाव, किनारा, एकातून एक निघत जायचं. कधी आवाज खाली न्यायचे, बायका डोळे पुसायच्या. कधी वर न्यायचे, पोरं रडता रडता थांबायची. माणूस वाईट नव्हता, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणारा होता. चर्च भरायला लागलं. कर्जतहून लोक यायला लागले. मीसुद्धा आधी खूश झालो. म्हटलं, चला, आता लाळ नाही.

पण महिने गेले तसं मला काहीतरी खटकायला लागलं. कुणी झोपत नव्हतं, आणि कुणी हलतही नव्हतं. सगळे एका जागी, सारख्या वजनाचे, जसे गोणीत बटाटे. टकटक तर कुठल्या कुठे गेली. कुणी बंद केली नाही, पण असल्या धबधब्यात बोट घालायचं कुठं? उपदेश संपला की ओट्यावर बोलणं व्हायचं ते असं:

“लय भारी बोलले आज.”

“काय बोलले?”

“ते नाय सांगता येत. पन लय भारी.”

तरी माझं काय जात होतं? माझी पाठ शाबूत राहत होती. कुरकुर माझ्या स्वभावात आहे म्हणून करायची, एवढंच.

मग इल्माचं लग्न निघालं.

इल्मा म्हणजे इद्रिस मिस्त्रीची नात. आणि चंद्राबाईचं आणि त्या घराचं काय आहे ते आधी सांगतो. चंद्राबाई शिळफाट्याच्या बाजारात भाजी विकते, इद्रिसच्या दुकानासमोर. टोपली त्याच्या दुकानात ठेवायची, पाणी त्याच्या माठातलं, दुपारची भाकर त्याची बायको जुबेदा हिच्याबरोबर. इल्मा लहानपणी भेंडीच्या ढिगाशेजारी झोपायची. आता चंद्राबाईचा नवरा गेला, पोरं मुंबईला, ही एकटी. एकटी म्हणजे जुबेदा सोडून. इल्मानं तिला बजावलं होतं, “चंद्राआजी, तू नाय आलीस तर मी स्टेजवर चढणार नाय. बसू दे नवऱ्याला एकट्याला.” हे मला कसं ठाऊक? चंद्राबाई माझ्यावर बसून येईल त्याला हेच सांगत होती.

इद्रिस स्वतः चर्चमध्ये आला, आमंत्रण द्यायला. कदमपाळक आणि पाळकीणबाई त्या दिवशी पुण्याला सभेला गेले होते. इद्रिस म्हातारा झालाय आता, पण आल्या आल्या हात माझ्या पाठीवरून फिरवला, एक खिळा दाबून बघितला, मग लोकांना म्हणाला, “येत्या नाय, त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी. सगळ्या मंडळीला दावत हाय. रिझवान टेंपो घेऊन येईल.” रिझवान त्याचा धाकटा मुलगा.

“बिर्याणी हाय ना?” सदूनं विचारलं.

“सदूभाऊ, तुमच्यासाठी वेगळा टोप लावलाय.”

मंडळी खूश. बायकांनी साड्या काढल्या. आणि त्या मधल्या रविवारी कदमपाळकांनी उपदेश केला, ‘वेगळे राहा’. काय रंगला! दिवा वाऱ्यापासून वेगळा, कमळ चिखलापासून वेगळं, मोती शिंपल्यातसुद्धा वेगळा. आवाज खाली, आवाज वर, आणि शेवटी हात उंच करून, “जे आपले नाहीत त्यांच्या पंगतीला आपण बसणार नाही. म्हणा, आमेन!”

“आमेन!” कौलं हलली.

मग सगळे ओट्यावर गेले, चपला शोधायला लागले, आणि चपला हातातच राहिल्या. मी दाराजवळचा, मला सगळं ऐकू येतं.

“म्हंजे काय गं?” एक बाई म्हणाली.

“काय म्हंजे?”

“इल्माच्या लग्नाला जायचं नाय?”

“अगं बया!”

“आमेन कोन म्हटलं?”

“तूच तर म्हटलंस!”

“सगळे म्हटले म्हनून मी म्हटलं!”

“भावजी,” चंद्राबाईचा आवाज आला, “तुमी तर लय मोठ्यानं म्हटलंत.”

“वयनी, मी झोपेत होतो,” सदू म्हणाला. “आमेन माज्या तोंडातून आपसूक येतं, ढेकरासारखं.”

कुणी हसलं नाही. आमच्या मंडळीत देवासमोर दिलेलं आमेन परत घेत नाहीत. नवस फेडतात तसं ते फेडायचं असतं. स्वतःच्या तोंडानं स्वतःची दावत घालवून बसले होते, आणि त्याहून वाईट म्हणजे इद्रिसला तोंड कसं दाखवायचं? चंद्राबाई चपला हातात घेऊन परत आत आली आणि माझ्यावर बसून राहिली. एका जागी नाही. कधी या कुल्ल्यावर, कधी त्या. किती वर्षांनी!

पुढचा रविवार उजाडला. गंमत बघा, टेंपो कुणी रद्द केला नव्हता. बायकांच्या पिशव्यांतून साड्यांचे काठ डोकावत होते. म्हणजे आमेन तोंडातून निघालं होतं, पोटातून नव्हे. गाणी झाली, प्रार्थना झाली, कदमपाळक उभे राहिले आणि आशेवर बोलायला लागले. पहाट, कोंबडा, किरण. बाहेर रिझवानचा टेंपो येऊन लागला. एकदा हॉर्न वाजला.

आणि माझ्या उजव्या टोकावर, टक टक टक.

अहो, अंगावर काटा म्हणतात तो लाकडाला पण येतो!

कदमपाळक थांबले. “दारात कुणी आलंय का? उघडा जरा.”

सदू दचकून जागा झाला. “कोन आलंय?”

“कोन नाय आलं,” चंद्राबाई उभी राहिली. “मीच हाय.”

“काय झालं, आजी? बरं वाटत नाही का?”

“बरं हाय. मागच्या रविवारचं कळलं नाय.”

कदमसाहेबांना या रिवाजाचं कुणी सांगितलंच नव्हतं. पण माणूस सभ्य. हसून म्हणाले, “कुठलं, आजी?”

“वेगळं राहायचं ते.”

मग त्यांनी पुन्हा सांगितलं. दिवा आला, वारा आला. मागच्यापेक्षाही सरस.

टक टक.

“सुंदर हाय,” चंद्राबाई म्हणाली. “पन कळलं नाय.”

“म्हणजे असं बघा, कमळ चिखलात...”

टक टक टक. “कमळ राहू द्या, साहेब. आमी काय करायचं ते सांगा.”

“जे आपले नाहीत, त्यांच्या पंगतीला बसायचं नाही.”

“कोन आपलं नाय?”

कदमपाळकांनी पुस्तकाचं पान उलटलं. पुढच्या बाकावर कुणीतरी खोकलं. बाहेर पुन्हा हॉर्न.

“वयनी,” सदू खालून कुजबुजला, तो कुजबुजला की कर्जतला ऐकू येतं, “शिळफाट्याला जायचं का नाय तेवढं इचार. टेंपो थांबलाय.”

“शिळफाट्याला? कशाला?” कदमसाहेबांनी विचारलं.

मग चंद्राबाईनं सांगितलं. इद्रिस मिस्त्री. त्याची नात. सगळ्या मंडळीला आमंत्रण. “तुमी म्हटलंत जायचं नाय, आनि आमी आमेन म्हटलं. आता आमेन मोडवत नाय, आनि पोरगी थांबलीय.”

“मी असं कधी म्हटलं?” त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण आवाज पहिल्यांदाच साधा झाला. साध्या माणसासारखा. “मला या लग्नाचं माहीतच नव्हतं.”

“म्हनून इचारते,” चंद्राबाई म्हणाली. तिचा हात माझ्या पाठीवर होता. “आता नाव घेऊन सांगा. ‘चंद्राबाय, इल्माच्या लग्नाला जाऊ नको,’ एवढंच म्हना. दिवा नको, कमळ नको. तुमी पाळक हाव. म्हटलंत तर मी नाय जाणार.”

सगळं चर्च एका कुल्ल्यावर आलं. मी सांगतो ना, एकही माणूस जड नव्हता.

ज्या माणसाला कधी शब्द शोधावा लागला नाही, तो चार शब्दांसाठी उभा होता.

“चंद्राबाई,” ते म्हणाले. मग म्हणाले, “नाही म्हणवत.”

“का?” हे सदू. शपथ घेतो, सदू!

कदमसाहेब हसायला लागले. नेहमीचं व्यासपीठावरचं हसू नाही, ठसका लागलेलं. “हा उपदेश मी खूप गावांत केलाय, सदूभाऊ. सगळीकडे वाहवा झाली. कोण आपलं नाही, हे मला कुणीच विचारलं नाही. मी पण स्वतःला विचारलं नाही.” मग म्हणाले, “मागच्या रविवारचं ते आमेन माझ्यावर घाला. मी चुकीचं म्हणायला लावलं. ते मी परत घेतो.”

आणि दुसऱ्या बाकावरून टक टक. “साहेब, ते नाताळच्या टायमाचं, सोन्याच्या हृदयाचं, ते मला पन कळलं नव्हतं.” तिसऱ्या बाकावर टक टक. खिडकीकडे टक टक टक. माझे सगळे भाऊ वाजायला लागले. इतकी वर्षं मुके होते बिचारे! कदमपाळक दोन्ही हात वर करून, “एकेक करून! एकेक!”

“बाकीचं पुढच्या रविवारी,” सदू उठला. “बिर्याणी थंड व्हईल.”

बायका साड्यांच्या पिशव्या घेऊन पाळकीणबाईंच्या खोलीत पळाल्या. चंद्राबाई दारात थांबली. “चला, तुमी पन.”

“मला कुठं आमंत्रण आहे, आजी?”

“सगळ्या मंडळीला हाय. तुमी मंडळीत नाय का?”

गेले. टेंपोत कोंबून गेले. पाळकसाहेब मागे उभे, सदू ड्रायव्हरशेजारी. आवाज वळणापलीकडे गेला आणि चर्च रिकामं झालं. रिकामं चर्च मला आवडत नाही, पाली फिरतात. पण त्या दुपारी मी एवढा सुखात होतो की पालीला सुद्धा काही बोललो नाही. संध्याकाळी पिशव्या घ्यायला परत आले ते अत्तराचा वास घेऊन, आणि चंद्राबाईच्या हाताला मेंदी होती. इल्मानं स्टेजवरच बसवून लावली म्हणे, नवऱ्याला बाजूला सरकवून. सदूनं माझ्यावर तुपाचा हात पुसला. पुसू दे.

आता कदमपाळकांचं म्हणाल तर ते पहिल्यासारखं बोलत नाहीत. अडखळतात. मधेच थांबून ‘कळलं का?’ विचारतात, आणि लोक नाही म्हणतात. आठवड्यात घरोघर जाऊन कुणाकडे काय चाललंय ते बघून येतात, आणि मग बोलतात. कमळ अजून अधूनमधून येतं, खोड जाते का? कर्जतहून येणारं एक कुटुंब यायचं बंद झालं. ‘इथं डोकं दुखतं,’ म्हणाले. जाऊ दे. बाकीचे डोकं दुखवून घेतात आणि ओट्यावर तासभर भांडतात. सदू मात्र झोपतो. सगळ्यांना सुधारायचा ठेका मी घेतलेला नाही.

मी थकलोय. एक पाय हलतो, उजव्या टोकाला लाकूड खोलगट झालंय, कलत्या पाठीला चीर गेलीय. कमिटीत बोलणं चाललंय, आणि सदू कमिटीत आहे, की बाक काढून फोमच्या खुर्च्या आणायच्या. मऊ, लाल. गुडघेदुखीवाल्यांना बरं पडेल म्हणतात. पडेलही. मी आडवा येणार नाही. माझ्या लाकडाची चंद्राबाईला बाजारात भाजी मांडायला फळी केलीत तरी चालेल मला.

फक्त एक ऐका या म्हाताऱ्याचं. मी फोमवर बोट वाजवून बघितलेलं नाही, मला बोटं नाहीत. पण पाळकीणबाईंनी नमुन्याची एक खुर्ची आणून माझ्या शेजारी ठेवली होती. चंद्राबाई आली, बसली नाही, वाकून तिच्यावर टकटक केली. आवाज आला नाही. काही म्हणजे काही आला नाही.

तेव्हा बाबांनो, बसायला काय आणायचं ते आणा. पण वाजणारं आणा.